शाळा सोडल्याचे कारण

माझा पासपोर्ट पहिल्यांदा काढला २००५ साली, लेकीच्या बाळंतपणाला जायचं म्हणून. दहा वर्षांनी तो नवा करून घेतला आणि २०२५ साली पुन्हा तीच वेळ आली. वयाची शहात्तरी गाठल्यावर आणखी दहा वर्षांचा पासपोर्ट कशाला काढायचा, असं मी घरात म्हणून पाहिलं. 'सरकारला तुमच्याविषयी जेवढी आशा आहे तेवढी तरी तुम्ही ठेवा,' असं उत्तर सौभाग्यवतींकडून मिळालं. असो.

खरं कारण मात्र माझा पासपोर्ट नव्हता, अक्काचा होता. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. माझ्याहून चार वर्षांनी मोठी, मुक्काम पोस्ट माण तालुक्यातलं आमच्याच शेजारचं गाव. तिचा मुलगा २००३ पासून शारजात आहे. एसी दुरुस्तीच्या कामावर गेला, आता त्याच कंपनीत सुपरवायझर आहे. दर दोन वर्षांनी येतो आणि जाताना न चुकता म्हणतो, "आये, एकदा माझं घर बघून जा." अक्काचंही उत्तर ठरलेलं, "माझ्या म्हशीला कोण बघंल?"

२०२४ च्या दिवाळीत म्हैस विकली. गुडघ्यांनी जबाब दिला होता, धार काढायला बसवत नव्हतं. मग पाडव्याला भाच्याचा फोन आला तेव्हा अक्का एकदम म्हणाली, "येते. पण बाळू बरोबर आला तर." या वयात मला बाळू म्हणणारं जगात एवढं एकच माणूस उरलं आहे. नाही कसं म्हणणार?

तर दोघांचे पासपोर्ट. माझा नूतनीकरणाचा, तिचा नवा. नातवाने संगणकावर अर्ज भरायला घेतले. माझा पंधरा मिनिटांत झाला. जुना पासपोर्ट आणि त्याच्या पहिल्या दोन व शेवटच्या दोन पानांच्या प्रती, पत्त्याचा पुरावा, संपलं. फी पंधराशे. नव्या पासपोर्टाला साठीच्या पुढच्यांना दहा टक्के सूट आहे, म्हणून अक्काला साडेतेराशे. नूतनीकरणाला ती सूट नाही. अक्काला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "थोरली कोण हाय?"

तिचा अर्ज मात्र जन्मतारखेच्या रकान्यापाशी अडला. आधार कार्ड अगदी सुरुवातीच्या काळात काढलेलं, त्यावर तारीख नाही, नुसतं जन्मवर्ष. मतदार ओळखपत्र जुनं, त्यावर अमुक एका १ जानेवारीला वय इतकं, एवढंच. रेशनकार्डावरचं वय या दोन्हींशी न जुळणारं. आईच्या सांगण्याप्रमाणे अक्का बेंदराच्या दुसऱ्या दिवशी झाली, पण बेंदूर हा काही सरकारी पुरावा नव्हे.

नियम आता पूर्वीइतके कडक राहिलेले नाहीत. १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांनाच फक्त जन्मदाखला सक्तीचा, ही दुरुस्ती २०२५ च्या फेब्रुवारीत झाली. आमच्यासारख्या जुन्या माणसांना शाळा सोडल्याचा दाखला, पॅन कार्ड, वाहन परवाना यांतलं काहीही चालतं. अक्काकडे पॅन नाही, वाहन म्हणाल तर ती म्हैस, तीही विकलेली. राहिला शाळेचा दाखला.

"अक्का, तू शाळेत किती वर्षं होतीस गं?" मी फोनवर विचारलं.

"चार. चौथी पास हाय मी," ती म्हणाली. "हिशेब येतो की मला."

मी निवांत झालो. शाळेत नाव आहे म्हणजे जनरल रजिस्टरला नोंद आहे. बाकीची दप्तरं काही वर्षांनी रद्द करता येतात, जनरल रजिस्टर कायम जतन करावं लागतं. चौतीस वर्षं मास्तरकी केली, त्यातली शेवटची अकरा मुख्याध्यापक म्हणून, तेव्हा एवढं मला ठाऊक होतं. त्यातले रकानेही पाठ आहेत. अनुक्रम नंबर, नाव, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, प्रवेशाची तारीख, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, शाळा सोडल्याचे कारण, शेरा.

जुलैमध्ये एका गुरुवारी गावी गेलो. आम्ही शिकलो तेव्हा ती लोकल बोर्डाची शाळा होती, १९६२ च्या मे महिन्यात जिल्हा परिषदा आल्या तशी ती परिषदेची झाली. कौलं जाऊन स्लॅब आला आहे, लिंबाचं झाड आहे तिथंच आहे. मुख्याध्यापिका तिशीतल्या, हुशार बाई. मी पूर्वीचा विद्यार्थी आणि त्यातून सेवानिवृत्त शिक्षक म्हटल्यावर त्यांनी आधी चहा सांगितला आणि मग कपाटातून लाल बासनात बांधलेलं रजिस्टर काढलं. पानं तपकिरी झालेली, कडा खाल्लेल्या, पण शाई शाबूत. बोरूनं लिहिलेलं वळणदार बाळबोध अक्षर. आमच्या जगताप... नको, गुरुजींचं नाव कशाला, ते अक्षर मी कुठंही ओळखलं असतं.

अक्काची ओळ सापडली. जन्मतारीख १ जून १९४५.

मला हसू आलं. बाईंनाही आलं. महाराष्ट्रातल्या माझ्या पिढीतल्या निम्म्या माणसांचा वाढदिवस १ जूनला असतो हे तुम्हाला माहीत असेलच. शाळा जूनमध्ये उघडायची, पोराला आणून उभं करायचे, आईबापांना तारीख सांगता यायची नाही, मग गुरुजी पोराकडे बघून अंदाजे वर्ष ठरवायचे आणि १ जून लिहून टाकायचे. माझीही तारीख १ जूनच आहे, साल १९४९. म्हणून तर मी २००७ साली ३१ मे रोजी निवृत्त झालो, महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेल्याला आदल्या दिवशीच घरी पाठवतात. आणि नोकरीत असताना मी स्वतः किती पोरांचे जन्म १ जूनला लावले त्याची मोजदाद नाही.

मग माझी नजर त्याच ओळीवर पुढं सरकली. प्रगती - चांगली. वर्तणूक - चांगली. इयत्ता - चौथी पास. शाळा सोडल्याची तारीख - १३ जून १९५५. शाळा सोडल्याचे कारण - घरकाम.

ती तारीख मला कुठंतरी खटकली. मी बाईंना म्हटलं, "जरा पुढची पानं उलटू का?" आठ-दहा पानांनंतर माझं नाव सापडलं. प्रवेशाची तारीख १३ जून १९५५.

मी ती दोन्ही पानं एकदा इकडून आणि एकदा तिकडून पाहिली. त्या दिवशी सोमवार होता, नंतर घरी येऊन मोजून पाहिलं. शाळेचा माझा पहिला दिवस मला आठवतो. आठवतो म्हणजे, अक्कानं माझं मनगट धरलेलं आठवतं, वाटेत ओढ्याला गढूळ पाणी होतं तिथं तिनं मला कडेवर घेतलं ते आठवतं. दारात सोडून ती परत फिरली तेव्हा मी रडलो हेही आठवतं. सत्तर वर्षं ही आठवण मी 'अक्कानं मला शाळेत घातलं' अशी सांगत आलो. भाषणातही सांगितली आहे. ती परत का फिरली, आपल्या वर्गात जाऊन का बसली नाही, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. माझी समजूत अशी की चौथी झाली म्हणजे तिची शाळा संपली. पण शाळा तर सातवीपर्यंत होती. मी स्वतः सातवीपर्यंत तिथंच शिकलो!

बाईंनी दाखला लिहायला घेतला. कारणाच्या रकान्यापाशी थांबून त्यांनी विचारलं, "सर, घरकाम असंच लिहू ना? रजिस्टरप्रमाणेच लिहावं लागेल."

"रजिस्टरप्रमाणेच लिहा," मी म्हटलं.

परतीच्या एसटीत मला आठवत राहिली ती माझी स्वतःची रजिस्टरं. अक्काच्या ओळीबद्दल मी वडिलांना दोष देत होतो, त्या गुरुजींनाही देत होतो. पण १९८१ साली माझ्या वर्गात एक मुलगी होती, सहावीत. तोंडी हिशेबात तिचा हात धरणारं शाळेत कुणी नव्हतं, मीसुद्धा कधीकधी तिच्या मागं पडायचो. एक दिवस तिचा बाप दाखला मागायला आला. मी विचारलं, का? तो म्हणाला, घरी अडचण आहे. मी टाक उचलला आणि 'घरगुती अडचण' असं लिहून दहा मिनिटांत दाखला त्याच्या हातात दिला. तिच्या घरी गेलो नाही. बापाला बसवून घेऊन दोन गोष्टी बोललो नाही. मधली सुट्टी संपत आली होती, एवढंच मला आठवतं. अशा किती ओळी माझ्या अक्षरात असतील? माझं अक्षरही वळणदार आहे, त्याचं कौतुक व्हायचं.

घरी आलो आणि ठरवलं, दाखल्यावरचं कारण अक्काला वाचून दाखवायचं नाही.

कागदांतला आणखी एक तिढा सोडवायचा होता. दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. लग्नाची नोंद त्या काळी कोण करत होतं? कुणी म्हणालं काही लागत नाही, कुणी म्हणालं लागतं. मास्तरचा स्वभाव, कागद एखादा जास्त असावा, कमी नको. म्हणून दोन्ही नावं एकाच बाईची, असं शासनाच्या राजपत्रात छापून घेतलं. अर्जात आईचं नाव विचारलं होतं. ते लिहिताना अक्का म्हणाली, "आईचं नाव कुठं कागदावर लिवलेलं मी पयल्यांदाच ऐकतीया." तेही खरंच. दोघांच्याही दाखल्यावर आईचं नाव नाही. आता १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावापुढं आईचं नाव लावायचा नियम महाराष्ट्रात झाला आहे. आमच्या आईला तेवढं जगायला हवं होतं.

सप्टेंबरातली तारीख मिळाली, पुण्यात मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रातली. आदल्या दिवशी अक्का आमच्याकडे आली. रात्री जेवणं झाल्यावर पाहतो तर कालनिर्णयच्या गेल्या वर्षीच्या पानामागं ती सही गिरवत बसलेली. एकाखाली एक, वीस-पंचवीस सह्या. "सोसायटीत सही करून बरीच वर्सं झाली," ती म्हणाली. "मोडायला नगं."

केंद्रात ज्येष्ठांबरोबर एकाला आत सोडतात, आणि माझी तर स्वतःचीच वेळ होती. टोकन घेऊन आम्ही बसलो. समोर पडद्यावर नंबर सरकत होते. आधी ए काउंटर, तिथं कागद तपासतात, फोटो आणि बोटांचे ठसे घेतात. मग बी, मग सी. अक्का पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली होती. पिशवीतून तिनं दाखला काढला, डोळ्यांपासून लांब धरला आणि म्हणाली, "बाळू, चष्मा घरी ऱ्हायला. हितं खाली काय लिवलंय?"

वाचून दाखवायचं नाही असं ठरवलं होतं. पण विचारल्यावर खोटं कसं सांगणार? मी सांगितलं.

"घरकाम," ती म्हणाली. "मग? खोटं कुठं लिवलंय?"

मी तिला दोन्ही तारखा सांगितल्या. तिला त्याचं काहीच नवल वाटलं नाही. "आई बाळंतीण हुती. धाकटी दीड म्हैन्याची. तुला शाळंत घालायचा म्हणल्यावर घरी कुणीतरी नगं का? दादांनी सांगितलं, त्याला सोड आन् म्हशी घिऊन जा. गुर्जी म्हणलं पण, पोरी तूबी बस की. म्या म्हणलं, म्हस सुटलीया."

मग जराशानं म्हणाली, "तुझी पाटी माझीच हुती. कोपरा उडाल्याली. सकाळी पुसून दिली तुला."

तो उडालेला कोपरा मला आठवतो. दादांनी बाजारातून तुटकी पाटी का आणली असेल, असं मला लहानपणी वाटायचं.

"अक्का," मी विचारलं, "तुला वाईट नाही वाटलं?"

"वाटलं की," ती म्हणाली. "आठ दिस वाटलं. मग पेरणी आली."

तेवढ्यात आमचा नंबर लागला.

ए काउंटरवरची मुलगी नातीच्या वयाची होती. "आजी, पदर जरा मागे घ्या, चेहरा नीट दिसू दे." अक्कानं पदर बोटभर मागं घेतला. मुलीनं हसून आणखी थोडा मागं घ्यायला लावला. कपाळावरचं गोंदण फोटोत स्वच्छ आलं. मग बोटांचे ठसे. यंत्रावर एकेक बोट दाबलं, पण उमटेना. ओल्या कपड्यानं पुसून पाहिलं, पुन्हा दाबलं. सत्तर वर्षं शेण, माती, खुरपं, धारा. रेषा राहणार कुठून? चार-पाच वेळा करून शेवटी यंत्रानं कसंबसं मान्य केलं.

सहीची वेळ आली तेव्हा मुलगी म्हणाली, "आजी, सही जमत नसेल तर अंगठाही चालतो."

"सही करते," अक्का म्हणाली.

ती वाकली. पहिलं अक्षर झालं, मग काना, मग पुढचं. वरची रेघ तिनं सगळ्यात शेवटी ओढली, शाळेत शिकवतात तशी, एका दमात. मागच्या माणसाचा खोळंबा होत होता, पण त्यानं काही म्हटलं नाही. अंगठा उमटायला इतका वेळ लागला, सही मात्र पहिल्याच खेपेला चौकटीत बसली. मी आयुष्यभर पोरांच्या वह्या तपासल्या आहेत. अक्षर दहापैकी नऊ होतं.

बी काउंटरवरच्या साहेबांनी दाखला उलटसुलट पाहिला आणि राजपत्र बाजूला ठेवून घेतलं. तिथून सी, आणि दुपारपर्यंत आम्ही बाहेर. मला एक शंका होती. दहावी न झालेल्यांना आखातात नोकरीला जाताना परदेशगमनाच्या तपासणीचा नियम लागतो, त्याची पासपोर्टवर नोंद असते. पण पन्नाशी उलटलेल्यांना तो लागत नाही, असं कळलं. "म्हणजे म्हातारी झाल्यावर शिक्षण विचारत न्हाईत," अक्का म्हणाली.

पोलीस चौकशी तिच्या गावी झाली. हवालदार आले, शेजारच्या दोघांच्या सह्या घेतल्या, पोहे खाल्ले. तुमच्यावर काही गुन्हा दाखल आहे का, असं विचारल्यावर अक्कानं प्रामाणिकपणे सांगितलं की चाळीस वर्षांपूर्वी बांधावरून भावकीत एकीच्या डोक्यात तांब्या घातला होता. हवालदारांनी ते काही लिहून घेतलं नाही म्हणे.

ऑक्टोबरात माझा पासपोर्ट स्पीड पोस्टानं आला, आठवड्यानं तिचा तिच्याकडे. दिवाळीत भाऊबिजेला गेलो तेव्हा तिनं तो देव्हाऱ्यातून काढून आणला. हळदकुंकवाचं बोट लावलेलं! मी म्हटलं, अगं, याला डाग नको. मग पुसत बसलो. सुदैवानं आतलं पान स्वच्छ होतं. नव्या पद्धतीचा पासपोर्ट, मुखपृष्ठावर खाली छोटंसं सोनेरी चिन्ह आणि आत चिप. कोऱ्या पुस्तिका आपल्या नाशिकच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापतात हे सांगितल्यावर तिला बरं वाटलं.

तिनं चष्मा लावला आणि मुखपृष्ठ वाचलं. बोट ठेवून, एकेक अक्षर सुटं करून. "भा-र-त ग-ण-रा-ज्य." जोडाक्षरापाशी क्षणभर थांबली, पण चुकली नाही. मग आतलं पान उघडलं. "माझं नाव कुठंय?"

मी बोटानं दाखवलं. आपल्या पासपोर्टवर नाव इंग्रजीतच छापतात, रकान्यांची शीर्षकं तेवढी हिंदीतही असतात. मी कित्येकदा माझा पासपोर्ट हाताळला होता, हे कधी जाणवलं नव्हतं. अक्कानं त्या ओळीकडे जरा वेळ पाहिलं. मी म्हणालो, "इंग्रजीत आहे, मी वाचून दाखवतो."

पण तिचं बोट तोवर फोटोच्या खाली गेलं होतं. तिथं तिची सही छापली होती, वरच्या रेघेसकट.

"हे बघ," ती म्हणाली, "हे येतंय की मला वाचायला."

आणि तिनं ते वाचलं.

विमान जानेवारीचं ठरलं. सामानात लोणच्याची बरणी चालेल का, हा त्या दिवशी तिच्यापुढचा एकमेव प्रश्न होता. मी मात्र निघण्यापूर्वी एक काम करायचं ठरवलं. १९८१ साली मी ज्या शाळेत होतो तिथं एकदा जाऊन यायचं. त्या मुलीचा पत्ता मिळेल न मिळेल. मिळाला तर काय बोलणार, तेही अजून सुचलेलं नाही. पण ती ओळ माझ्या हातची आहे, ती निदान एकदा माझ्या डोळ्यांनी वाचायला हवी.